कर्नेलबाहेरील मॉड्यूले आणि वितरकाची जबाबदारी

प्रश्न : कर्नेलच्या मूळ संहितेत नसलेली मॉड्यूले लिनक्सच्या वितरकांनी पुरवावीत काय?

उत्तर : सामान्यतः पुरवू नयेत. कर्नेलच्या अंतर्गत रचनेला स्थैर्याची हमी कोणीच दिलेली नसल्यामुळे प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर बाहेरचे मॉड्यूल निरुपयोगी होण्याचा संभव असतो, आणि मग सुरक्षेची तातडीची दुरुस्तीसुद्धा त्या एका मॉड्यूलपायी खोळंबून राहते. म्हणून फेडोराने आपल्या भांडारात अशा मॉड्यूलांना केलेला मज्जाव मला रास्त वाटतो.

झेडएफएस या फाइल प्रणालीच्या मॉड्यूलची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचा सीडीडीएल परवाना कर्नेलच्या जीपीएलशी विसंगत मानला जात असल्याने मूळ संहितेत त्याचा प्रवेश दुरापास्त आहे. उबुंटूने २०१६ साली १६.०४ या आवृत्तीत ते तयार बांधून दिले, तर डेबियनने केवळ संहिता देऊन ती वापरकर्त्याच्याच यंत्रावर डीकेएमएस या, प्रत्येक नव्या कर्नेलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या साधनाकरवी बांधण्याची तजवीज केली. दुसरा मार्ग कायद्याच्या दृष्टीने अधिक निर्वेध खरा, परंतु ज्याची सारी प्रणालीच झेडएफएसवर वसली आहे, त्याचे यंत्र बांधणी फसताच नव्या कर्नेलवर सुरूच होत नाही. अशा अपरिहार्य मॉड्यूलची जबाबदारी, परवान्याची खातरजमा करून, वितरकाने अवश्य स्वीकारावी.

आपण डीकेएमएस वापरत असाल, तर यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी बांधणी यशस्वी झाल्याची खात्री करावी, आणि तोवर जुने कर्नेल काढून टाकू नये.