सीड प्लॉट घेण्याआधी

जाफराबाद, भोकरदन आणि पलीकडच्या देऊळगाव राजा भागात शेडनेट दिसलं की समजायचं, आत कुठल्या तरी कंपनीचं संकरित बियाणं पिकतंय. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको उभी केली आणि हा जिल्हा बियाण्याचा जिल्हा झाला. पाकिटाच्या किमतीवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. पाकिटातलं बी ज्याच्या रानात तयार होतं, त्याच्या पदरात काय पडतं यावर कुणी बोलत नाही.

आमच्या घरचा प्लॉट मिरचीचा होता. नर-मादीचं बी कंपनीचं; दर कंपनी आणि शेतकरी यांच्यामधल्या ऑर्गनायझरनं तोंडी सांगितलेला. हंगामभर बायांनी उमलायच्या आतल्या कळ्या चिमट्यानं उघडून पुंकेसर काढले, नराचा पराग लावला, धागे बांधले. त्यांची मजुरी थकवता येत नाही, ती उसनवारी करून दिली. बी वाळवून, मोजून दिलं. पुढे कित्येक महिन्यांनी निरोप आला, लॉट जीओटीत नापास.

जीओटी म्हणजे बी लावून त्यातली किती रोपं अस्सल निघतात ते पाहणं. ही चाचणी कंपनीच्याच शेतावर, कंपनीच्याच माणसांनी केलेली. अहवाल मागितला, मिळाला नाही. नापास झालेलं बी परत मागितलं, तेही नाही. ऑर्गनायझर म्हणाला, मी मधला माणूस. कंपनी म्हणाली, तुमचा व्यवहार ऑर्गनायझरशी. पेरणीपासून तोडणीपर्यंतची सगळी जोखीम आमची आणि निकाल देणारा तोच, ज्याला पैसे द्यायचे आहेत. याला मी अन्यायच म्हणतो.

लॉट भेसळीचा निघतो तो दर वेळी शेतकऱ्याच्या हातून नव्हे. क्रॉसिंगमध्ये कळी सुटू शकते, बाहेरचा पराग येऊ शकतो. पण कंपनीनं दिलेलं नर-मादीचं बीच अशुद्ध असू शकतं. हे सिद्ध करायला त्या बियाचं पाकीट लागतं, आणि ते तोवर उकिरड्यावर गेलेलं असतं. म्हणून पाकिटं लॉट नंबरासकट जपा, चिमूटभर बी बाजूला ठेवा. माल देताना वजनाची पावती घ्या आणि दोघांच्या सहीनं सीलबंद केलेला नमुना आपल्याकडे ठेवा. करार मराठीत मागा. त्यात दर, पैसे द्यायची तारीख, नापास झाल्यास फेरतपासणी कुठं होणार आणि बी कुणाचं राहणार, हे लिहिलेलं हवं. आगाऊ उचल घेतली असेल तर तीही त्याच कागदावर यावी, नाहीतर हिशेबाच्या वेळी ती वाढलेली दिसते.

कायदा अगदीच आपल्या विरुद्ध नाही. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सदोष बी विकत घेतलेला शेतकरी ग्राहक आहेच, आणि बीजोत्पादनाचा करार करून पायाभूत बी विकत घेणाराही ग्राहक आहे. निगमचं म्हणणं होतं की करारात लवादाचं कलम आहे. त्यानं ग्राहक मंचाची वाट अडत नाही, असंही न्यायालयानं ठरवलं. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आणि आपण बी विकत घेतलंय हे दाखवायला नर-मादीच्या बियाचे पैसे दिल्याचं बिल हाती हवं. 'नंतर हिशेबात कापू' असं म्हणून ते टाळलं जातं, ते ऐकू नका.

सरकारला या धंद्यात हात घालता येत नाही असं नाही. २०१६ पासून केंद्र सरकार बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत ठरवतं. तंत्रज्ञानाचं शुल्क त्या वर्षी पाकिटामागे ४९ रुपयांवर आणलं, २०२० मध्ये शून्य केलं. विकत घेणाऱ्यासाठी हे होऊ शकलं, तर पिकवणाऱ्यासाठी छापील करार आणि तिऱ्हाईत प्रयोगशाळेतली तपासणी सक्तीची का होऊ नये?

ते होईपर्यंत गावातल्या प्लॉटवाल्यांनी हंगामाआधी एकत्र बसावं आणि सगळ्यांनी एकच करार मागावा. एकट्यानं मागितला तर प्लॉट शेजाऱ्याला जातो. आणि कागदावर ऑर्गनायझरबरोबर कंपनीची सही नसेल, तर नर-मादीचं बी घरात घेऊ नका.