मुख्याध्यापकाचे नेतृत्व : न्यू हेवनच्या एका प्राथमिक शाळेचा अभ्यास

दिनांक १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाविषयी बोलताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक आकडा सभागृहापुढे ठेवला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचत. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होत. या ८२ मुलांचे असे का झाले, या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आपण शिक्षक आजही देत असतो : ‘घरी अभ्यासाचे वातावरण नाही.’ मुलाच्या घराकडे बोट दाखविले की शाळा जबाबदारीतून मोकळी होते. खंबीर नेतृत्वाची पहिली कसोटी मला येथेच दिसते. जो मुख्याध्यापक हे उत्तर आपल्या शाळेत चालू देत नाही, तो अर्धे काम करून चुकलेला असतो.

यासाठी अमेरिकेतील एक उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात १९६८ साली ३३ प्राथमिक शाळा होत्या. गुणवत्तेच्या चाचण्यांत त्यांपैकी दोन अगदी तळाला, म्हणजे ३२व्या व ३३व्या क्रमांकावर होत्या. मुले जवळजवळ सर्वच कृष्णवर्णीय व गरीब घरांतील. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची शाळा ही त्या दोहोंपैकी एक. येल विद्यापीठाचे बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. जेम्स कोमर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या शाळांत काम आरंभले.

कोमर हे स्वतः पोलाद कारखान्यातील कामगाराचे पुत्र. आई मॅगी यांच्या वाट्याला शाळा नावापुरतीच आली. त्यांनी इतरांच्या घरी घरकाम केले. त्यांच्या पाच मुलांनी मिळून १३ पदव्या मिळविल्या. याच कोमरांचे तीन बालमित्र बुद्धीने त्यांच्या तोडीचे होते. परंतु एक दारूने गेला, एकाचे आयुष्य तुरुंगात सरले, एक मनोरुग्णालयाच्या फेऱ्यांत अडकला. बुद्धी सारखी असताना वाटा का फुटल्या, हा प्रश्न कोमरांना आयुष्यभर पुरला.

पहिले वर्ष गोंधळाचे गेले. वर्गांत शिस्त राहिली नाही, पालकांचा संताप उसळला. बाहेरून तज्ज्ञ आले म्हणून शाळा सुधारत नाही, हे त्या वर्षाने दाखविले. पुढे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सुमारे डझनभर लोकांची समिती नेमण्यात आली. तीत शिक्षकांचे व पालकांचे निवडलेले प्रतिनिधी, मानसिक आरोग्याचा एक जाणकार आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचाही प्रतिनिधी असे. समितीने मुख्याध्यापकांचे हात बांधावयाचे नाहीत. मात्र मुख्याध्यापकांनीही समितीचा उपयोग केवळ शिक्का उमटविण्यासाठी करावयाचा नाही, हा नियम ठरला. निर्णय मतदानाने न घेता एकमताने घ्यावयाचे, कारण मतदानात कोणीतरी हरतो आणि हरलेला मनाने बाहेर पडतो. आणि दोष कोणाचा, या चर्चेत वेळ घालवावयाचा नाही.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. कायदा उत्तमच आहे; पण इतिवृत्त आधी लिहून ठेवावयाचे व सह्या घेण्यासाठी वही घरोघर फिरवावयाची, हा प्रकारही अपरिचित नाही. सहीला बोलाविलेला पालक आणि मत विचारलेला पालक यांत फार अंतर असते.

किंग शाळेतील एक प्रसंग कोमरांनी नोंदविला आहे. दक्षिणेकडील खेड्यातून आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला नव्या वर्गात नेण्यात आले. त्या शिक्षिकेकडे आठवड्याभरात आणखीही नवी मुले आली होती. तिच्या चेहऱ्यावर कंटाळा उमटला असावा. मुलगा घाबरला, शिक्षिकेच्या पायावर लाथ मारून पळाला. एरवी यावर शिक्षाच झाली असती. तेथे मात्र शिक्षकांना विचारण्यात आले, त्या मुलाच्या जागी तुम्ही असता तर? त्यातून नव्या मुलांची शाळेशी ओळख करून देण्याची पद्धत सुरू झाली. एकच शिक्षक सलग दोन वर्षे त्याच मुलांना देण्याचाही प्रयोग झाला. पहिल्या वर्षी काहीच प्रगती न दाखविलेली काही मुले दुसऱ्या वर्षी दोन वर्षांचे अंतर भरून काढताना दिसली.

हे सारे सावकाश घडले. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चौथीची मुले शहरातील वरच्या क्रमांकांच्या शाळांत जाऊन बसली, उपस्थिती सुधारली. मुले त्याच वस्तीतील होती व गरिबीही तशीच होती. मुख्याध्यापकाच्या हाती छडी आली की शाळा सुधारते असे मानणाऱ्यांनी हा कालावधी लक्षात घ्यावा. पंधरा वर्षांत छडी कितीदा मोडली असती!

निवासी शाळेला हा अभ्यास अधिकच लागू पडतो. जून महिन्यात वाडी-तांड्यावरून आलेले मूल वडिलांचा हात सोडून पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात शिरते, तेव्हा त्याची अवस्था त्या आठ वर्षांच्या मुलाहून निराळी नसते. पालक दूर, महिन्यातून एखाद्या रविवारी भेटणारे. अशा ठिकाणी समितीत अधीक्षकांबरोबर भोजनगृहातील मावशींनाही बसवावे, अशी माझी सूचना आहे. कोणते मूल दोन दिवस जेवलेले नाही, हे वर्गशिक्षकाच्या आधी वाढणाऱ्या मावशींना समजते. ते सांगण्यासाठी त्यांना महिन्याच्या बैठकीत एक खुर्ची हवी.