राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन : विद्यापीठात नेमकं काय शिकायचं असतं?



बारावीचा निकाल लागला की कॉलेजच्या प्रवेश खिडकीसमोर एक प्रश्न दरवर्षी हमखास ऐकू येतो. काही वर्षांपूर्वी एका शेतकरी वडिलांनी तो अगदी सरळ विचारला. मुलीला कला शाखेत चांगले गुण होते आणि तिने अर्जावर मुख्य विषय म्हणून राज्यशास्त्र लिहिलं होतं. वडील म्हणाले, "सर, आमच्या घरात कुणाला पुढारी व्हायचं नाही. मग राज्यशास्त्र घेऊन पोरगी करणार काय?"

मी म्हणालो, "स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो." वडिलांचं समाधान झालं, प्रवेश झाला. पण ते उत्तर आज आठवलं की मला ओशाळल्यासारखं होतं. खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. पुरं उत्तर तीन वर्षांनी त्यांच्याच मुलीने दिलं. ते पुढे सांगतोच. आधी विषय समजून घेऊ.

दोन विषय, दोन प्रश्न

राज्यशास्त्र म्हणजे राजकारण करायला शिकवणारा विषय नव्हे. सत्ता कोणाकडे आहे, ती त्यांच्याकडे कुठून आली, तिला मर्यादा काय आणि त्या सत्तेमुळे कोणाच्या वाट्याला काय येतं, हे या विषयाचे प्रश्न आहेत. लोकप्रशासन (काही पुस्तकांत याला सार्वजनिक प्रशासन म्हणतात) पुढचा प्रश्न विचारतं : ठरलेलं काम प्रत्यक्षात कोण करणार, कोणत्या नियमाने, कोणाच्या पैशाने, आणि चुकलं तर जबाबदार कोण?

आपल्याकडे हे दोन्ही प्रश्न जुनेच आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या सात अंगांचा विचार आहे, तसंच वेगवेगळ्या खात्यांच्या अध्यक्षांनी काय करावं याचं एक मोठं प्रकरणही आहे. पण स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून लोकप्रशासनाची सुरुवात साधारणपणे १८८७ पासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेत वुड्रो विल्सन या प्राध्यापकाने प्रशासनाच्या अभ्यासावर एक लेख लिहिला. हेच पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की राज्यघटना तयार करण्यापेक्षा ती चालवणं आता अवघड होत चाललं आहे, म्हणून चालवण्याचंही शास्त्र हवं. १९२६ मध्ये लिओनार्ड व्हाइट यांचं पाठ्यपुस्तक आलं. १९३७ मध्ये ल्यूथर गुलिक यांनी 'पोस्डकॉर्ब' हे सूत्र मांडलं : नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्था, निर्देशन, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक. भारतात पॉल ॲपलबी यांचा अहवाल १९५३ चा, आणि दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था १९५४ ची.

मुलं ही नावं आणि सनावळ्या पाठ करतात आणि तिथेच थांबतात. म्हणून मी त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात असताना ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनाचा आणि अर्थव्यवहाराचा अभ्यास केला होता. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी एक इशारा दिला. घटनेचा एक शब्दही न बदलता केवळ प्रशासनाचं स्वरूप बदलून घटनेचा आत्मा बिघडवता येतो, अशा आशयाचा तो इशारा होता. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने लोकप्रशासन का शिकावं, याचं याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

वर्गातली सुरुवात : पगाराची स्लिप

पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर व्याख्या लिहीत नाही. माझी पगाराची स्लिप दाखवतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या स्लिपवर व्यवसाय कराची ओळ असते. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. याहून जास्त व्यवसाय कर लावताच येत नाही, कारण घटनेच्या अनुच्छेद २७६ मध्येच ती मर्यादा आहे. मग मी विचारतो, "हा कर महाराष्ट्रात कशासाठी आला?" सहसा कोणालाच माहीत नसतं.

त्याचं उत्तर दुष्काळात आहे. १९७२ चा दुष्काळ घरातल्या आजी-आजोबांना विचारा. सुकडी, मिलोची भाकरी आणि खडी फोडायचं काम, या तीन गोष्टी ते सांगतीलच. त्या काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना लावून धरली. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर आला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ पासून लागू झाला. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी जो रोजगार हमी कायदा केला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

आता वर्गाचे दोन भाग करायचे. पहिला गट राज्यशास्त्राचे प्रश्न काढतो. काम मागणं हा हक्क की सरकारचा उपकार? शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुरासाठी कर का द्यावा? दुसरा गट लोकप्रशासनाचे प्रश्न काढतो. हजेरीपट कोण भरणार? कामाचं मोजमाप कोण घेणार? पंधरा दिवसांत काम द्यायचं असं कायदा म्हणतो, पण ते पंधरा दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे?

या शेवटच्या प्रश्नावर वर्ग नेहमी थबकतो. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "सर, अर्ज दिल्याची पोच असेल तर." बरोबर. तारखेची पोच मिळाली नाही तर पंधरा दिवस सुरूच होत नाहीत. विधिमंडळाने दिलेला हक्क एका चिटोऱ्यावर अडून राहतो. दोन्ही विषयांचं नातं मुलांना त्या दिवशी कळतं.

त्या मुलीचा प्रकल्प

तिसऱ्या वर्षी आम्ही प्रत्येकाला एक काम देतो : सरकारी कार्यालयातल्या एका कागदाचा प्रवास शोधा. त्या मुलीने घरचाच कागद निवडला. आदल्या वर्षी परतीच्या पावसाने त्यांचं सोयाबीन गेलं होतं. पंचनामा झाला होता, पण नुकसानभरपाई आली नव्हती. वडील दोन-तीनदा तालुक्याला जाऊन आले, "वरून आलं नाही" एवढंच ऐकून परतले आणि मग त्यांनी नाद सोडला.

तिने आधी कागदाचा रस्ता काढला. गावात तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत मिळते. माहिती तहसीलला जाते, तिथून जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्त, मग मंत्रालय. शासन निर्णय निघतो, निधी खाली येतो आणि पैसे थेट खात्यात जमा होतात. एका कार्डशीटवर तिने हे सगळं काढलं आणि प्रत्येक टप्प्याखाली लिहिलं : इथे कोणाची सही लागते?

मग तिने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. ३० दिवसांच्या आत उत्तर आलं. रक्कम मंजूर होती, वडिलांचं नावही यादीत होतं. फक्त आधारची ई-केवायसी राहिली होती, आणि ती करायची असते हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. अंगठा लावायला दहा मिनिटं लागली. काही आठवड्यांनी पैसे जमा झाले. रक्कम मोठी नव्हती, पण घरात त्या दिवशी गोडधोड झालं असं ती म्हणाली.

प्रकल्प इथे संपला असता तरी मी चांगले गुण दिले असते. पण तिने शेजारच्या शेताचंही लिहिलं. ते शेत एक काका बटईने करत होते. बियाणं, खत आणि मेहनत त्यांची. पीक त्यांचंही वाहून गेलं. पण सातबारा मालकाच्या नावावर आणि मालक शहरात. भरपाई मालकाच्या खात्यात गेली. काकांना काही मिळालं नाही, आणि यात एकाही कर्मचाऱ्याची चूक नव्हती. सगळं नियमानुसार झालं होतं.

मग लेखी करार का नव्हता? तिने दोन्ही बाजूंना विचारलं आणि १९४८ च्या कूळ कायद्यापर्यंत जाऊन पोचली. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळावा म्हणून तो कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून अनेक कुळं मालक झाली. पण आज नवीन माणसाला जमीन कसायला देताना मालक कागद करायला घाबरतात. उद्या कूळ लागलं तर? म्हणून व्यवहार तोंडी. आणि तोंडी व्यवहार करणारा माणूस कुठल्याच यादीत नसतो.

अहवालाच्या शेवटी तिने लिहिलं होतं, "माझ्या वडिलांचा प्रश्न खिडकीवर सुटला. काकांचा खिडकीवर सुटणार नाही, कारण तो खिडकीवर तयार झालेला नाही."

इतकी वर्षं मी राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन यांतला फरक शिकवत होतो. इतका नेमका मलाही कधी सांगता आला नव्हता. कागद अडला असेल तर लोकप्रशासन. कागदात माणूसच नसेल तर राज्यशास्त्र.

पदवीला काय असतं आणि अभ्यास कसा करावा?

विद्यापीठागणिक नावं बदलतात, पण गाभा सारखा असतो : राजकीय सिद्धांत, भारतीय राज्यघटना, पाश्चात्त्य आणि भारतीय राजकीय विचार, तौलनिक शासन, आंतरराष्ट्रीय संबंध, महाराष्ट्राचं राजकारण, लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य संस्था. नवीन शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला स्वतंत्र श्रेयांक आहेत. ते कॉपी-पेस्ट करून वाया घालवू नका, ही शिक्षकांना खास विनंती.

अभ्यासासाठी मी मुलांना चार सवयी सांगतो.

१. राज्यघटना मुळातून वाचा. मराठी प्रत मिळते. गाईडमधला सारांश नंतर.

२. आठवड्याला एक शासन निर्णय वाचा. ते मराठीतच असतात. कोणी काढला, कोणाला लागू, पैसा कुठल्या लेखाशीर्षातून, एवढं वहीत लिहा.

३. वर्षातून एका तरी ग्रामसभेला किंवा नगरपालिकेच्या सभेला जाऊन बसा. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर तेही लिहा. ७३ वी घटनादुरुस्ती पुस्तकात वाचणं आणि रिकाम्या खुर्च्या पाहणं, दोन्ही अभ्यासच.

४. प्रत्येक उत्तरात विचारवंताच्या नावापुढे आपल्या परिसरातलं एक उदाहरण द्या. मॅक्स वेबरची नोकरशाही लिहिताना आपलं तहसील कार्यालय डोळ्यासमोर आणा.

स्पर्धा परीक्षेचं खरं काय?

उपयोग होतो, यात शंका नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत हे दोन्ही वैकल्पिक विषय आहेत, राज्यशास्त्र तिथे आंतरराष्ट्रीय संबंधांसोबत येतं. सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर तर बराचसा याच विषयांचा. पण दरवर्षी लाखो अर्ज येतात आणि निवड होते साधारण हजारभर मुलांची. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न आपण प्रवेशाच्या वेळी विचारत नाही. पुण्यात खोली करून पाच-सात वर्षं काढलेली आणि 'आपण वाया गेलो' म्हणणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. विषयाचा एकच उपयोग आपण त्यांना सांगितला, ही चूक आपली.

पालकहो, तयारी जरूर करू द्या. पण किती वर्षं आणि किती प्रयत्न, हे घरात बसून आधीच ठरवा. सोबत दुसरी वाट चालू ठेवा. एमए करून नेट-सेट, कायद्याची पदवी, पत्रकारिता, स्थानिक स्वराज्य संस्थांचे पदविका अभ्यासक्रम, सामाजिक संस्थांमधलं संशोधनाचं काम, हे सगळे रस्ते याच विषयातून निघतात.

ती मुलगी सध्या एमए करते आहे. परीक्षाही देते, दोनदा पूर्व परीक्षेत राहिली. वडील मध्ये भेटले होते. म्हणाले, "सर, आता गावातली माणसं कागद घेऊन घरी येतात. पोरगी आधी विचारते, पोच घेतली का?" बटईवाल्या काकांना मात्र अजून काही मिळालेलं नाही.

यंदा प्रवेश खिडकीवर तोच प्रश्न पुन्हा येईल. आता माझं उत्तर वेगळं असतं. मी म्हणतो, "दादा, तुमची मुलगी साहेब होईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण कोणत्याही साहेबासमोर उभी राहून 'हे कोणत्या नियमाने?' असं ती विचारेल. आणि नियमच चुकीचा असेल, तर तो कोणी केला आणि कुठे बदलतो, हेही तिला माहीत असेल."

तुमच्या वर्गात असा एखादा 'कागदाचा प्रवास' करून बघा. सुरुवात पगाराच्या स्लिपपासून केली तरी चालेल.