ऑफिसातून निघालेला डेल आणि आत्याचे चार शब्द

लॅमिंग्टन रोडवरून कुठल्याशा ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० उचलून आणलास, ते झकास केलंस. २०१३ सालची जात आहे, हाडापेराने दणकट. आता त्यात ‘थोडंसं काहीतरी’ करायचंय म्हणतोस, तर कर. पण नवे पार्ट मागवण्याची घाई नको. ब्रँडेड मशीनमध्ये कुठला पार्ट भारी याच्याआधी, कंपनीने कुठे कुठे आपलंच घोडं दामटलंय ते बघायचं असतं.

१. कॅबिनेटवरचा सर्व्हिस टॅग, म्हणजे ती सात अक्षरं-आकडे, वहीत उतरवून डेलच्या साइटवर टाकून बघ – कारखान्यातून निघताना आत काय होतं ते कळतं, आणि मधल्या दुकानदाराने काय ‘सुधारलं’ तेही.

२. तुझा मिनी टॉवर आहे की बुटका स्मॉल फॉर्म फॅक्टर, ते नीट बघून ठेव – नाव एकच, पण एकाच्या पोटात मावतं ते दुसऱ्याच्या पोटात मावत नाही.

३. उघडण्याआधी वायर भिंतीतून काढ आणि मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर – आत उरलेला करंट निघून जातो. नंतर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव, म्हणजे अंगातली स्टॅटिकही उतरते.

४. प्रत्येक वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढ. काढणाऱ्याला घाई, लावणाऱ्याला आई आठवते!

५. आत निळ्या रंगाच्या पट्ट्या, खटके दिसतील. तिथे खुशाल हात घाल – डेलने निळा रंग तुझ्यामाझ्यासारख्यांनी उघडायच्या जागांना दिलाय. निळं नसेल तिथे जोर लावण्याआधी स्क्रू शोध.

६. पहिला खर्च साटा एसएसडीचा, बाकी सगळं मागाहून – जुन्या हार्डडिस्कमुळे जे मशीन म्हातारं वाटतं, ते या एका बदलाने कामाला लागतं. एनव्हीएमई स्टिक कार्डावर बसवून स्लॉटमध्ये लावता येते, पण ९०२० चा बायोस सरळपणे तिच्यावरून सुरू होत नाही; त्या नादी लागू नकोस.

७. रॅम डीडीआर३ घे. स्लॉट चार, प्रत्येकी ८ जीबी, म्हणजे फार तर ३२. बाजारात सर्व्हरमधली रजिस्टर्ड रॅम निम्म्या भावात मिळेल, ती घेऊ नकोस – खाचेत बसेल, पण मशीन उठणार नाही. आणि खरं सांगू? तुझ्या कामाला १६ पुष्कळ झाली.

८. प्रोसेसर बदलायचा तर आधी जुन्याच प्रोसेसरवर बायोस अपडेट कर – आय७-४७९० हा २०१४ चा, म्हणजे तुझ्या मॉडेलनंतर आलेला; जुना बायोस त्याला ओळखणार नाही. हे काम लाइटचा भरवसा नसलेल्या दुपारी, यूपीएसशिवाय करायचं नाही.

९. सॉकेट सारखं दिसलं म्हणून भुलू नकोस. तुझ्या मित्राच्या ऑप्टिप्लेक्स ७९० ला आणि ७०१० ला सॉकेट एकच, तरी ७९० तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर घेत नाही – डेलने तशी सोय दिलीच नाही. खाच जुळली म्हणून पत्रिका जुळत नाही रे बाबा.

१०. आता एसएमपीएस. इथे जरा बैस माझ्याजवळ. बाजारातल्या एसएमपीएसला बोर्डासाठी २४ पिना असतात, तुझ्या ९०२० ला ८. एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१ ला तर ६ – हे सप्लाय फक्त १२ व्होल्ट देतात, ५ आणि ३.३ मदरबोर्ड स्वतः तयार करतो. म्हणूनच हार्डडिस्कची वीजही बोर्डातूनच येते, आणि ती बारकी वायर हरवलीस तर दुकानोदुकानी फिरशील.

११. २४ च्या ८ करणाऱ्या अॅडॉप्टर वायरी मिळतात. घ्यायचीच तर तुझ्याच मॉडेलची घे आणि लावण्याआधी मीटर लावून बघ – रंगावर विसंबू नये. १९९० च्या दशकाच्या अखेरीच्या काही डेल मशीनचा प्लग तर बाजारातल्यासारखाच २० पिनांचा होता, फक्त आतली जोडणी वेगळी. साधा एसएमपीएस जोडला की बोर्ड गेलाच म्हणून समज.

१२. मशीन अजिबात सुरू होत नसेल तर मागे, एसएमपीएसवर एक छोटं बटण आहे ते दाबून बघ – शेजारचा दिवा हिरवा लागला तर सप्लायवर आळ घ्यायचं कारण नाही, दुसरीकडे शोध.

१३. ग्राफिक कार्ड असं घे, जे स्लॉटच्याच विजेवर चालतं, म्हणजे ७५ वॉटच्या आत. जीटी १०३० किंवा वेगळी पॉवर वायर न मागणारं जीटीएक्स १०५० टीआय – टॉवरचा एसएमपीएस २९० वॉटचा, बुटक्याचा २५५ चा, आणि कार्डाला द्यायला त्यात जास्तीची वायरच नाही. साटाच्या वायरीवरून कार्डाला वीज देणारा जुगाड तुला कोणीतरी सुचवेलच. तेव्हा मुद्दा १० आठव. बुटक्यात कार्डही बुटकंच लागतं.

१४. लांब स्लॉट दोन दिसतील, पण त्यातला एक आतून चारच लेनचा आहे. कार्ड खोचण्याआधी मॅन्युअलमध्ये कुठला कुठला ते बघ.

१५. सगळं काढून चकचकीत नव्या कॅबिनेटमध्ये घालण्याचं स्वप्न मात्र सोड – पुढच्या बटणाचा प्लग, पंख्यांच्या जोडण्या, सगळं डेलचं स्वतःचं. पंखा सापडला नाही की बायोस दर वेळी एफ१ दाबायला लावतो. सून नवी आणि घर सासूचंच!

१६. बायोसचा सीआर२०३२ सेल बदलण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो घे – सेल काढला की सेटिंग मूळपदावर जातात. साटाचं सेटिंग ‘एएचसीआय’ वरून ‘रेड ऑन’ वर गेलं तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं, आणि तू बिचाऱ्या एसएसडीला शिव्या घालतोस.

१७. जुन्या ऑफिसने बायोसला पासवर्ड तर ठेवला नाही ना, ते दुकानातच एफ२ दाबून बघायचं होतं. ठेवला असेल तर बोर्डावर पासवर्डचा जंपर असतो, मॅन्युअलमध्ये जागा दिली आहे.

१८. विंडोज ११ या मशीनला अधिकृतपणे चालत नाही – इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० मागतं, तुझा चौथ्या पिढीचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा लिनक्स मिंट टाकून बघ. मराठी टायपिंगसुद्धा होतं त्यात.

१९. एका वेळी एकच बदल कर आणि एक दिवस चालवून बघ – तीन पार्ट एकदम घातलेस की गुन्हेगार शोधायला तिघांची उलटतपासणी.

२०. झाकण लावून चालू केल्यावर ‘झाकण उघडलं होतं’ अशी तक्रार स्क्रीनवर दिसली, तर ते कॅबिनेटमधल्या चुगलखोर स्विचचं काम आहे. बायोसमध्ये जाऊन तो इशारा पुसून टाक. त्यासाठी मला रात्री अकराला फोन करायची गरज नाही.