परवान्याची परीक्षा



मोलगीकडचा एक शेतकरी आमच्या रात्रीच्या वर्गाला येतो. वय पस्तिशीचे. अक्षरओळख झाली ती गेल्या वर्षी. मोटारसायकल मात्र तीन वर्षांपासून चालवतो, तीही परवान्यावाचून. एके दिवशी वर्ग सुटल्यावर तो मागे थांबला. म्हणाला,

"गुरुजी, एक माणूस भेटला. म्हणतो, पैसे दे, परीक्षा मी देतो. तू फक्त आधार कार्ड नि मोबाइल आण. देऊ का?"

आम्ही विचारले, "पास तो होईल. पण देवगोईच्या घाटात गाडी कोण चालवणार? तो, का तू?"

तो हसला. "चालवणार तर मीच."

"मग परीक्षाही तूच दे, बाबा. तयारी आम्ही करून घेतो."

त्या तयारीचाच हा पाठ आहे.

परीक्षा कशी असते?

परवाना दोन पायऱ्यांनी मिळतो. पहिला शिकाऊ, दुसरा पक्का. गिअरच्या मोटारसायकलसाठी वय १८ वर्षे पुरे हवे. कितवी पास, याची अट मोटारसायकलला नाही. पण प्रश्न वाचता आले पाहिजेत. म्हणून हा पाठ आपल्या पुस्तकात.

शिकाऊ परवान्याची परीक्षा संगणकावर होते. प्रश्न मराठीत मागता येतात. प्रश्नाखाली दोन-चार उत्तरे दिलेली असतात, त्यांतले बरोबर ते निवडायचे. वेळ मोजका असतो. शंभरात साठ उत्तरे बरोबर आली की पास. म्हणजे १५ प्रश्न असले तर ९ बरोबर हवेत. महाराष्ट्रात २०२१ सालापासून आधार कार्डाच्या आधारे ही परीक्षा घरूनही देता येते. सोय चांगली आहे. पण घरी पाहणारे कोणी नाही म्हणून दुसऱ्याला बसवणे, ही स्वतःचीच फसवणूक.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. त्या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' अक्षर लावावे. शिकवणारा परवानाधारक सोडून मागे कोणालाही बसवू नये. तीस दिवसांनंतर अधिकाऱ्यासमोर गाडी चालवून दाखवली की पक्का परवाना. त्याचे काम नंदुरबारच्या परिवहन कार्यालयाकडे आहे. आपल्या गाड्यांवर 'एमएच ३९' असते, तो त्याच कार्यालयाचा क्रमांक.

पाट्या कशा ओळखाव्या?

आधी आकार पाहा, मग चित्र.

गोल पाटी हुकूम सांगते. लाल गोलात ४० लिहिले असेल तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचे नाही. त्रिकोणी पाटी सावध करते: पुढे वळण आहे, शाळा आहे, रस्ता अरुंद आहे. निळी चौकोनी पाटी माहिती देते: दवाखाना, पेट्रोल पंप. आठ कोनांची लाल पाटी एकच, 'थांबा'. टोक खाली असलेला त्रिकोण म्हणजे 'दुसऱ्याला वाट द्या'.

तळोद्याहून अक्कलकुव्याला आणि पुढे खापरला येताना या पाट्या मोठ्याने वाचत या. मागे बसणाऱ्याने वाचाव्या, चालवणाऱ्याने अर्थ सांगावा. आठ दिवसांत पाठ होतात.

घाटाचा नियम

अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड असते. वळणावर पुढच्या गाडीला ओलांडू नये, कारण पलीकडून काय येते ते दिसत नाही. उतारावर गाडी बंद करून सोडू नये. खालच्या गिअरमध्ये उतरावे.

थोडे गणित

ताशी ४० किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला सुमारे ११ मीटर. ताशी ६० म्हणजे सुमारे १७ मीटर. रस्त्यात बकरी दिसली आणि ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी इतकी पुढे गेलेलीच असते. ब्रेक लागतो तो त्यानंतर. हे गणित दोरीने अंगणात मोजून पाहा.

कायदा काय सांगतो?

मोटारसायकलवर दोघेच. तिसरा नाही. चालवणाऱ्याला आणि मागच्यालाही हेल्मेट. परवाना, गाडीची नोंदणी, विमा आणि धूर-तपासणीचा दाखला जवळ हवा. मोबाइलच्या डिजीलॉकरमध्ये ठेवला तरी चालतो.

परवान्यावाचून चालवल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. १८ वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आई-बापांनी हे दोनदा वाचावे. आणि दारू, मग ती मोहाची असो की बाटलीतली, पिऊन गाडीवर बसू नये. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य हा गुन्हा आहे. आमचे म्हणणे, थेंबही नको.

आपल्या गाडीने कोणी जखमी झाले तर पळायचे नाही. १०८ ला फोन करावा, जखमीला दवाखान्यात पोचवावे, पोलिसांना कळवावे. दुसऱ्याच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. तेव्हा भिऊ नये.

पुढे काय झाले?

आमच्या शेतकऱ्याने परीक्षा स्वतः दिली. ८ उत्तरे बरोबर आली. एका गुणाने राहिला. घाटात वाट कोणी द्यावी, तेथेच तो चुकला. खजील होऊन म्हणाला, "गुरुजी, माल घेऊन मी नेहमी खालीच उतरतो. वर येणाऱ्याला मी कधी वाट दिलीच नव्हती. तोच थांबत असे."

त्याने पुन्हा अभ्यास केला आणि पास झाला. परवाना आता त्याच्या खिशात आहे. पण खरी गोष्ट अशी की, आता घाट उतरताना तो बाजूला थांबतो. पैसे देऊन पास झाला असता, तर हे त्याला कधी कळले असते?

अभ्यास

१. १५ प्रश्नांपैकी किती बरोबर आल्यास पास?
२. गोल, त्रिकोणी आणि चौकोनी पाटी काय काय सांगते?
३. घाटात आधी वाट कोणाला द्यावी? का?
४. आपल्या गावाच्या रस्त्यावरील चार पाट्यांची चित्रे काढा आणि अर्थ लिहा.
५. घरात परवान्यावाचून कोण गाडी चालवतो? त्याला हा पाठ वाचून दाखवा.