सर्पगंधेची परीक्षा

मानखुर्दसारख्या खाडीकाठच्या वस्तीत पावसाळ्यात कधीतरी साप निघतो आणि एकच धावपळ उडते. साप चावला असता पूर्वी पुष्कळ ठिकाणी सर्पगंधेची मुळी उगाळून देत. ही लहानशी वनस्पती सह्याद्रीच्या रानातही आढळते. तिच्या मुळीने विष उतरते, झोप लागते व वेडाचा झटका शमतो, अशी तिची ख्याती होती.

परंतु ख्याती म्हणजे पुरावा नव्हे. मुळी घेतलेला मनुष्य वाचला, तर तो मुळीमुळे वाचला, की चावलेला साप बिनविषारी होता म्हणून? शिवाय वाचलेल्यांची हकिकत सर्वतोमुखी होते. दगावलेल्यांची कोणी सांगत नाही.

ही मुळी रक्तदाबही कमी करते, असे कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली नमूद केले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या गुणाची कसोशीने परीक्षा केली. रक्तदाबाच्या ५० रुग्णांना त्यांनी हे औषध दिले. औषधापूर्वीचा व नंतरचा रक्तदाब मोजून टिपून ठेवला. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता. १९४९ साली हे निष्कर्ष ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

तरीही परीक्षा संपली नव्हती. या औषधाने काही रुग्णांना तीव्र खिन्नता येते, असे पुढे आढळले. अधिक सुरक्षित औषधे निघाली आणि रेसरपिनचा वापर मागे पडला. सर्पविषावर तर या मुळीचा गुण सिद्ध झालाच नाही. त्यावर खरा उपाय म्हणजे प्रतिविष होय. घोड्याला अल्प मात्रेत विष टोचतात आणि त्याच्या रक्तापासून ते तयार करतात.

म्हणून साप चावल्यास मुळी उगाळण्यात एक क्षणही दवडू नये. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. औषध जुने आहे म्हणून ते टाकू नये, आणि जुने आहे एवढ्यावरच त्यावर विसंबूही नये. प्रत्येक गुणाची परीक्षा स्वतंत्रपणे झाली पाहिजे.

स्वाध्याय

१. सर्पगंधेचा कोणता गुण परीक्षेत उतरला? कोणता उतरला नाही?
२. औषधापूर्वीही रक्तदाब मोजणे का आवश्यक होते?
३. तुमच्या घरातील एखाद्या घरगुती औषधाची परीक्षा कशी करता येईल, ते पाच ओळींत लिहा.