स्टॉकफिशचा धडा: एका वेळी एकच बदल!
स्टॉकफिश हा बुद्धिबळातला चॅम्पियन प्रोग्राम. २००८ मध्ये मार्को कोस्ताल्बा यांनी तो ग्लाउरुंग या खुल्या प्रोग्रामवरून सुरू केला. २०१३ पासून एक शिस्त आली: कोणी बदल सुचवला की नवी आणि जुनी आवृत्ती स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटरवर हजारो डाव खेळतात. ताकद वाढवण्यासाठीचा बदल, ताकद वाढल्याचं दिसलं तरच ठेवतात. बहुतेक बदल बाद होतात!

समजा, तुम्ही तुमसरला तांदूळ पॅक करून विकता. पिशवी, वजन, भाव एकदम बदलले आणि विक्री पडली, तर चूक कशात हे कळणार कसं? म्हणून फक्त पिशवी बदला. दोन दुकानांत नवी, दोन दुकानांत जुनी. महिनाभर विक्री वहीत लिहा. नवी चालली तरच जास्त छापा. नाही चालली, तर नुकसान थोडक्यात आटोपलं!